रोमला भेटलेले तोतया पोलीस

"मावशी, पुढं खून झालाय. अंगावरचं सोनं काढा, या पुडीत बांधून देतो." तोतया पोलिसांची ही बातमी आमच्याकडं पेपरात अधूनमधून येतेच. म्हातारी घरी जाऊन पुडी सोडते, तर आत खडे. चहा पिता पिता ही बातमी मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि वर म्हणायचो, "लोकांना अक्कल कशी नसते!"

माझी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत छोटी फौंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना आहे. जर्मनीत ड्यूसेलडॉर्फला दर चार वर्षांनी 'गिफा' हे फौंड्रीवाल्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. 2023 ला ते 12 ते 16 जूनला होतं. बायकोही बरोबर होती. एवढं लांब आलोय तर रोम बघून जाऊ म्हटलं.

रविवारी दुपारी तेर्मिनी स्टेशनजवळच्या एका गल्लीतून हॉटेलकडं निघालो होतो. हातात नकाशा घेतलेला एक माणूस आडवा आला आणि कोलोसियम कुठं म्हणून विचारायला लागला. मी मोबाईल काढून दाखवतोय, तेवढ्यात मागनं दोघं आले. कडक इस्त्रीचे शर्ट, हातात कातडी पाकीट. त्यातलं ओळखपत्र उघडून दाखवलं आणि मिटलं. "पोलित्सिया! खोट्या नोटांची तपासणी. पासपोर्ट, पाकीट."

आधी त्या नकाशावाल्याला धरलं. त्याच्या नोटा उजेडाकडं धरून बघितल्या, नाकाला लावून वास घेतला आणि परत दिल्या. तो "थँक्यू, थँक्यू" करत निघून गेला. तिथंच मी फसलो. परक्या मुलखात पोलिसाशी वाद कशाला? आपल्या मनात काही काळंबेरं नाही, मग भ्यायचं कशाला? तोही त्यांचाच माणूस होता हे मला रात्री अंथरुणात पडल्यावर कळलं.

माझा पासपोर्ट आणि 640 युरो त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत एका तपकिरी पाकिटात घातले, चिकटवून त्यावर सही केली आणि माझ्या हातात दिलं. हॉटेलातच उघडा, रस्त्यावर चोर फार आहेत, असं वर सांगितलं! अदलाबदल नेमकी कधी झाली, देवाला ठाऊक. दुसरा मला खिशातलं क्रेडिट कार्ड मागत होता, तेव्हाच झाली असणार. त्यानं पिन विचारला तेव्हा मात्र मी दचकलो आणि नाही म्हणालो. तर दोघं लगबगीनं निघून गेले.

बायकोलाही पासपोर्ट मागितला होता. ती सरळ मराठीत म्हणाली, "हॉटेलात हाय." होता तिच्या परकराच्या आतल्या खिशात, मुंबई सोडल्यापासून. मला कोपर मारून "अहो, पाकीट कशाला देताय?" असंही ती म्हणाली होती. मी ऐकलं नाही.

खोलीवर पाकीट फाडलं. आत सहलींच्या बसची तीन पत्रकं, नीट घडी घालून.

स्टेशनातल्या खऱ्या पोलीस चौकीत तक्रार नोंदवली. तिथं तिला 'देनुन्त्सिया' म्हणतात, त्याची शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. विमान सोमवारी रात्रीचं होतं, ते गेलंच. भारतीय दूतावास स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ आहे. तिथं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. तो पासपोर्ट नव्हे, फक्त भारतात परत येण्यापुरता कागद. त्यासाठी तक्रारीची प्रत, फोटो आणि जुन्या पासपोर्टची झेरॉक्स लागली. झेरॉक्स होती ती बायकोनं भडंगाच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली. तिला कागदाला तिखटाचा वास लागला म्हणून लाज वाटत होती. खिडकीतल्या बाईंनी वासाबद्दल चकार शब्द काढला नाही. मंगळवारी कागद हातात पडला. युरोपात फिरायचा शेंगेन व्हिसाही त्याच पासपोर्टवर होता, त्यामुळं विमानतळावर बराच वेळ बाजूला बसवलं.

खरा पोलीस रस्त्यात ओळखपत्र बघेल, पण पैशाचं पाकीट तपासत बसणार नाही आणि पिन तर मुळीच विचारणार नाही. असा कुणी भेटला तर "चला, चौकीत जाऊ" म्हणा आणि 112 लावा. युरोपात हाच नंबर चालतो. मी दोन्हीतलं काही केलं नाही, तोंडातून शब्दच फुटेना. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो स्वतःला मेल करून ठेवा, कारण मोबाईलही जाऊ शकतो. सगळी रोकड एका जागी नको.

परत आल्यावर हरवल्याचं प्रतिज्ञापत्र करून नव्या पासपोर्टसाठी अर्ज केला. 36 पानी पासपोर्ट हरवला तर 3,000 रुपये फी आहे. आणि एकदा हरवला म्हणून नोंद झाली की जुना सापडला तरी चालत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

रंकाळ्यावर फिरायला येणारी मंडळी अजून "काय पोलीससाहेब" म्हणून चिडवतात. गेल्या महिन्यात पेपरात पुन्हा तीच पुडीची बातमी होती. मी ती मनातल्या मनात वाचली आणि पान उलटलं. बायकोनं कपातनं एकदा वर बघितलं, बोलली काही नाही.