पाणी पांढरे करून दाखवणारे ‘शुद्ध कडुनिंब’

इंदूरला रामबागेच्या बाजूला पावसाळ्यात हातगाडीवर रोपे, माती आणि खत विकणारे बरेच जण येतात. त्यांपैकी एकाने माझ्या सासूबाईंना आणि मला ज्या युक्तीने फसवले, ती इतरांना आधीच ठाऊक असावी, म्हणून हे लिहीत आहे.

त्याच्याकडून घेतलेल्या मनीप्लांटच्या कुंडीभोवती थोड्याच दिवसांत बारीक काळी चिलटे दिसू लागली. पुढच्या फेरीला त्याला ते सांगताच त्याने पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेले पिवळसर औषध काढले, आमच्याच पेल्यातल्या पाण्यात त्याचे काही थेंब टाकले आणि पाणी दुधासारखे झाल्यावर म्हणाला, “देखिए माताजी, शुद्ध नीम है.” त्या बाटलीचे त्याने साडेचारशे रुपये घेतले.

फसवणुकीचे मर्म त्या पेल्यातच आहे. कडुनिंबाचे निव्वळ तेल पाण्यात मिसळत नाही, त्याचा तवंग वर राहतो. पाणी पांढरे होते ते तेलाला पाण्यात विरवणारा साबणासारखा पदार्थ घातलेला असल्यामुळे, आणि असा पदार्थ कित्येक रासायनिक कीटकनाशकांतही असतो. त्या फवाऱ्याला रॉकेलसारखा उग्र दर्प होता, सासूबाईंचे डोळे चुरचुरले आणि संध्याकाळपर्यंत त्यांचे डोके दुखत राहिले. चिलटे मात्र तासाभरात पडली, त्यामुळे औषध लागू पडले असे वाटले. परंतु उडणारी चिलटे तशीही आठवडाभरच जगतात, आणि त्यांच्या अळ्या ओल्या मातीच्या वरच्या दोनेक इंचांत बुरशी, कुजका पाला आणि कोवळी मुळे खात असतात. पानांवरचा फवारा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. चिलटे परतली, तेव्हा तोच मनुष्य ‘याहून जालीम’ बाटली घेऊन हजर झाला. ती आम्ही घेतली नाही.

1968 च्या कीटकनाशक कायद्याखालील नियमांनुसार अशा औषधाच्या वेष्टनावर नोंदणी क्रमांक, बॅच, उत्पादनाची व मुदतीची तारीख, विषबाधेवरचा उतारा आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण असावा लागतो. लाल सर्वांत घातक, हिरवा सर्वांत सौम्य. आमच्या बाटलीवर यांतले काहीही नव्हते.

गुण आला तो साध्या उपायांनी. वरची माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी घालायचे नाही, कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू द्यायचे नाही, आणि उडणाऱ्या चिलटांसाठी मातीलगत पिवळी चिकट कार्डे खोचायची. अळ्यांसाठी बीटीआय हे जिवाणूंपासून बनवलेले औषध पाण्यातून मातीत घालतात. मात्र चिलटांची एक पिढी तीन-चार आठवड्यांत पुरी होत असल्याने ते एकदा घालून भागत नाही.

उरलेले औषध मोरीत न ओतता बाटली घट्ट बंद करून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवली आहे, कारण कृषी विभागाच्या कीटकनाशक निरीक्षकाकडे तक्रार करताना पुरावा म्हणून तीच दाखवायची आहे. फसवणुकीबद्दल ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.