काकांनी ओटीपी कुणालाही सांगितला नव्हता

माझ्या थोरल्या काकांना कुणाचा फोन आला नव्हता, त्यांनी ओटीपीही कुणाला सांगितला नव्हता. तरी दुपारी डोळा लागला तेवढ्यात त्यांच्या खात्यातली पेन्शन गेली. बँकेत एकच पालुपद: "काका, तुम्ही कुणाला तरी सांगितला असणारच." पैसे गेल्यापेक्षा त्या वाक्याने ते जास्त खचले, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शेजाऱ्यांच्या नंबरवरून मेसेज आला होता: तुमच्या गाडीचं चलान निघालंय, फाइल उघडून बघा. शेजाऱ्यांना याचा पत्ताच नव्हता. त्यांचा फोन आधीच भामट्यांच्या ताब्यात गेला होता. फाइलचं नाव 'आरटीओ ई-चलान' आणि शेवटी 'एपीके'. सगळी मेख तिथे आहे. चलान, पावती, लग्नपत्रिका हे सगळं पीडीएफ किंवा फोटो म्हणून येतं. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये बसणारं अख्खं अ‍ॅप, तेही प्ले स्टोअरला वळसा घालून.

फोनने दोनदा विचारलं. अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप बसवू का? याला एसएमएस वाचू देऊ का? 'अलाऊ' केल्याशिवाय चलान दिसेना, म्हणून काकांनी ते दाबलं. पुढे एक रुपया भरून खात्री करा, असं पान आलं आणि त्यावर कार्डाचा नंबर मागितला. तो दिल्यावर ओटीपी सांगायची गरजच उरली नाही. बँकेचा एसएमएस आला की अ‍ॅप तो परस्पर पुढे पाठवत होतं. वर त्याचा आयकॉनही स्क्रीनवरून गायब.

चुलतभावाने फोन लगेच एरोप्लेन मोडवर टाकला आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड बंद केलं, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांक मागून घ्याच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं असतं. त्यामुळे पोलीस ठाण्यात जाण्याआधी हे फोन करा.

खरं चलान सरकारी परिवहन संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघता येतं. आणि घरातल्या मोठ्यांच्या फोनमध्ये सेटिंग्जमधलं परमिशन मॅनेजर उघडून एसएमएसची यादी तपासा. काकूंच्या फोनमध्ये एका टॉर्चच्या अ‍ॅपला एसएमएस वाचायची परवानगी होती. ते त्याच दिवशी काढून टाकलं.