प्लास्टरनंतरची मांडी आणि करंटचं मशीन: पाच महिन्यांनी लिहितेय

गुडघ्याच्या वाटीला तडा, सहा आठवडे प्लास्टर. ते कापलं तेव्हा उजवी मांडी बघून धस्स झालं. घरी शिवणाच्या टेपने मोजली: वाटीच्या वर 15 सेंमीवर डावी 47, उजवी 43. फिजिओ म्हणाल्या, "गुडघा गादीत दाबा." सगळा जोर लावला, मांडी ढिम्म. रडूच फुटलं.

त्यांनी शांतपणे समजावलं. पाय जखडला की स्नायूत नवीन प्रथिनं बनणं मंदावतं, पाच दिवसांतही झीज मोजता येते. शिवाय सांध्यात सूज असली की मज्जारज्जूच मांडीच्या स्नायूला जाणारे संदेश दाबून धरतो. म्हणून ताकद आकारापेक्षा जास्त जाते.

अशा मांडीला करंट देऊन आवळायला लावणारं मशीन घेताना फसू नका. नौपाड्यातल्या एका दुकानात मला आधी टेन्स दिलं. ते दुखणं कमी करायला. मुंग्या येतात, स्नायू आवळत नाही. बदलून ईएमएसवालं, म्हणजे स्नायू आवळणारं, आणलं. फिजिओंनी लावून दिलेलं सेटिंग: 50 हर्ट्झ (सेकंदाला 50 झटके), एकेक झटका 300 मायक्रोसेकंदांचा, 10 सेकंद करंट, 30 सेकंद आराम, रोज 15 मिनिटं.

पहिल्या संध्याकाळी करंटचा आकडा हळूहळू वाढवत नेला. आधी टोचलं, मग वाटीच्या वर आतल्या बाजूला पेढ्याएवढा गोळा उठला आणि वाटी वर सरकली. सासूबाई शेजारी भाजी निवडत होत्या. "अगं, हलली गं!" म्हणून त्यांनी ताटच बाजूला ठेवलं.

करंट येईल त्याच क्षणी आपणही दाबायचं, हे फार महत्त्वाचं. नुसतं पडून टीव्ही बघत लावलं त्या दिवशी काही मिळालं नाही. तिसऱ्या आठवड्यात मशीन बंद असताना वाटी हलली. पुढे मांडी भरली ती मात्र व्यायामानेच, तिसऱ्या महिन्यानंतर मशीन कपाटात गेलं.

तक्रार मांडीला चिकटवायच्या पॅडची. ठाण्याच्या पावसाळी दमटपणात वीसेक वेळांत चिकटेनासे होतात. कडा सुटली की त्या जागी चटका बसतो, तेव्हा नवीन लावा. पेसमेकर असेल तर मशीनला हात लावू नका. आणि स्नायूकडे जाणारी नसच (मज्जातंतू) दुखावली असेल तर एवढ्या छोट्या झटक्याने स्नायू आवळत नाही. त्याला लांब झटक्याचा करंट लागतो, तो फिजिओकडेच घ्यावा.

आज फरक एक सेंमीचा. स्टेशनचा पूल चढताना कठडा धरत नाही, उतरताना अजून धरते.