पॉड की मॉड: आपटल्यावर काय टिकतं?

वेप (ई-सिगारेट) हातातून सारखा पडत असेल, तर आपटण्यात पॉड, म्हणजे आतच बॅटरी असलेला छोटा वेप, सरस. तो हलका, शिवाय काच नाही. मॉड म्हणजे सुटी टाकी आणि सुटा सेल लावायचा मोठा वेप; त्याची काचेची टाकी आधी फुटते. मॉड आडवा पडला तर ५१० जोडाची (टाकी मॉडवर बसते त्या आट्यांच्या जोडाची) पिन खचते आणि कॉइल (द्रव तापवणारी तार) बसवलेली असूनही मॉडला ती ओळखू येत नाही.

पाण्यात उलट. मॉडमधला १८६५० सेल (चार्ज होणारी नळीसारखी बॅटरी) लगेच काढता येतो. पॉडची बॅटरी आतच अडकते, भिजलेला पॉड चार्जिंगला लावूच नका.

सेलचं वेष्टन मात्र नीट बघा. वरच्या कडेला नखाएवढं फाटलं तरी शॉर्ट होऊ शकतो, कारण धन टोकाभोवतीची धातूची कड ऋण असते. फाटलेलं वेष्टन बदला. पोचा आलेला सेल वापरू नका, घरच्या कचऱ्यातही टाकू नका.

खिशात कोंबून फिरणाऱ्याला पॉड. सुटे भाग बदलत दीर्घकाळ वापरणाऱ्याला मॉड, सिलिकॉन कव्हरसकट.