बायोसर्फॅक्टंटसाठी मिनरल सॉल्ट मीडियमची तयार पावडर, वापरून बघितली

बॅसिलस सबटिलिस या जिवाणूकडून सर्फॅक्टिन (बायोसर्फॅक्टंट, म्हणजे जिवाणूच बनवतो तो साबणासारखा पदार्थ) काढायचं म्हणून मागवली. आधी मीडियमचे, म्हणजे जिवाणू वाढवायच्या द्रावणाचे, सगळे क्षार एकेक तोलून घालायचो, त्यात अर्धा दिवस जायचा आणि फॉस्फेटच्या जोडीला कॅल्शियम घाईत पडलं की खाली पांढरा गाळ बसलाच समजा. ही पावडर पटकन विरघळते, वरून फक्त ग्लुकोज वेगळं ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करून) घालायचं.

सोबत तुलनेला साधा न्यूट्रिएंट ब्रॉथपण (जिवाणूंसाठीचं नेहमीचं पोषक द्रावण) लावला होता. त्यात वाढ जोरात झाली, मस्त गढूळ, पण पेट्री डिशमधल्या तेलाच्या थरावर थेंब सोडला तर तेल जेमतेम हललं, आणि पावडरवाल्या फ्लास्कमधला थेंब पडला रे पडला की तेल चहूबाजूंनी मागे सरून मधोमध स्वच्छ गोल उघडा पडला, खरंच भारी वाटलं बघून! सर्फॅक्टिन पाण्याचा पृष्ठताण ७२ वरून २७ मिलिन्यूटन प्रति मीटरपर्यंत उतरवतं, ते असं डोळ्यांनी दिसतं.

फेस प्रचंड येतो. फ्लास्क पाचव्या हिश्शापर्यंतच भरा, माझा कापसाचा बोळा भिजून एक बॅच वाया गेली.

राग एकाच गोष्टीचा, पाकिटावर लोह आणि मँगनीज किती ते लिहिलेलंच नाही, अहो सर्फॅक्टिनचं उत्पादन त्यावरच तर हलतं!

स्युडोमोनास या दुसऱ्या जिवाणूकडून ऱ्हॅम्नोलिपिड (हाही बायोसर्फॅक्टंटच) हवं असेल तर ही घेऊ नका, यात अमोनियम, म्हणजे नायट्रोजन, भरपूर आहे. तिथे नायट्रोजन कमी पडावा लागतो, तोही नायट्रेटच्या रूपात, आणि कार्बनसाठी ग्लिसरॉल किंवा खाद्यतेल बरं.