पोलिसाचा नेम आणि हौशी नेमबाजाचा नेम

गणवेश आहे म्हणजे नेम पक्का, हा समज नेमबाजीच्या रेंजवर फार टिकत नाही. अनेक पोलीस दलांत नेमबाजीची चाचणी वर्षातून एक-दोनदाच होते. मोजक्या गोळ्या, ठरलेलं अंतर, पास झालं की पिस्तूल परत होल्स्टरमध्ये. स्पर्धेत उतरणारा नागरिक मात्र रिकाम्या पिस्तुलावर ट्रिगर दाबण्याचा सराव रोज करतो. १० मीटर एअर पिस्तुलाच्या, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा उडवणाऱ्या पिस्तुलाच्या स्पर्धेत दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचं असतं. ट्रिगर झटक्यात ओढला की उजव्या हाताच्या नेमबाजाचा छर्रा बहुधा खाली डावीकडे जातो. निव्वळ नेमात हा हौशी नेमबाजच सरस, याबद्दल मला शंका नाही.

पण कागदी लक्ष्य पळत नाही, उलटून गोळीही झाडत नाही. पोलिसाला अंधारात, धापा टाकत, समोरच्याच्या मागे कोण उभं आहे हे बघत निर्णय घ्यायचा असतो, आणि बहुतेक वेळा तो गोळी न झाडण्याचाच असतो. हे शिक्षण हौशी माणसाला क्वचितच मिळतं. तरी प्रत्यक्ष गोळीबारात पोलिसांचे नेमही रेंजपेक्षा खूप जास्त चुकतात. विशेष पथकांची गोष्ट वेगळी, त्यांचा सराव भरपूर असतो. आणि परवाना काढून पिस्तूल नुसतं कपाटात ठेवणारा? तो या दोघांच्याही मागे.