छोट्या कुत्र्याची शी-शू: बाहेर, पॅडवर की क्रेटच्या आधाराने?

घरात छोटं कुत्रं येऊन काही महिने झालेत, तरी कधी सोफ्यामागे तर कधी पायपुसण्यावर शू सापडते. रोज पुसून कंटाळा आलाय आणि आता एकच पद्धत नीट धरायची आहे. अशा वेळी तीन रस्ते समोर असतात: दर वेळी बाहेर नेणं, घरातच पॅड (शू शोषून घेणारी चटई) किंवा गवताचा ट्रे ठेवणं, नाहीतर क्रेटच्या, म्हणजे कुत्र्याला झोपायला असलेल्या दाराच्या पिंजऱ्याच्या, आधाराने वेळा बसवणं. माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी थेट बाहेरचीच सवय लावावी. पॅडमध्ये वाईट काही नाही, पण तो ‘सध्यापुरता’ म्हणून आणू नये. आणायचा तर कायमचा म्हणून आणावा.

निवड करण्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी. लागलेली सवय अचानक मोडली, शू थोडी थोडी आणि वारंवार होऊ लागली, तिच्यात रक्त दिसलं, कुत्रं पाणी खूप पिऊ लागलं किंवा झोपेतच अंथरूण ओलं होऊ लागलं, तर आधी पशुवैद्याकडे जा. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूतखडा, मधुमेह, नसबंदीनंतर काही माद्यांमध्ये येणारा मूत्राशयाचा सैलपणा, यांवर कोणतंही प्रशिक्षण चालत नाही. स्टेरॉइडची औषधं चालू असतील तर त्यांनीही शूचं प्रमाण वाढतं.

छोट्या जातींना वेळ जास्त लागतो, याचं एक कारण शरीराचं आहे. मूत्राशयच लहान, त्यामुळे ते लवकर भरतं. पिल्लाच्या वयाचे महिने अधिक एक, इतके तास ते दाबून धरू शकतं असा ढोबळ हिशोब सांगतात, पण ती कमाल मर्यादा आहे. जागं असताना, खेळताना त्याच्या निम्मा वेळही फार होतो. दुसरं कारण आपलं आहे. मोठ्या कुत्र्याने घरात शू केली की सगळं घर त्याच दिवशी कामाला लागतं. चार किलोच्या कुत्र्याचा ओला डाग तळहाताएवढा, तो पुसला की विषय संपतो. असे न मोजलेले डाग साचत जातात आणि कुत्र्याच्या दृष्टीने ती जागा पक्की होते.

बाहेर नेण्याचा फायदा असा की कुत्र्याला एकच गोष्ट शिकावी लागते: घरात नाही, बाहेर. नियम सुटसुटीत असला की तो लवकर मुरतो. किंमत मोजावी लागते ती माणसाला. उठल्याबरोबर, जेवल्यावर पाच ते तीस मिनिटांत, खेळ संपल्यावर, झोपायच्या आधी, आणि पिल्लू असेल तर मध्ये दर तासा-दोन तासाने न्यावं लागतं. जिना किंवा लिफ्ट असेल तर त्याला उचलून न्या, नाहीतर वाटेतच कार्यक्रम उरकतो. कुत्र्याला नुसतं अंगणात सोडून देऊ नका. ते पाखरामागे धावतं, शू विसरतं आणि घरात आल्यावर त्याला आठवतं. पट्टा लावून रोज त्याच जागी उभं राहा, शांत राहा, आणि शू होताच एक-दोन सेकंदांत खाऊ द्या. घरात परतल्यावर दिलेला खाऊ त्याला घरात आल्याचं बक्षीस वाटतो. आणखी एक, शू झाली रे झाली की लगेच मागे फिरू नका. शू केली की फिरणं संपतं हे कुत्र्याच्या ध्यानात आलं तर ते मुद्दाम धरून ठेवायला शिकतं. आधी शू, मग भटकंती, हा क्रम ठेवा.

बाहेरच्या पर्यायाला एक खरी अडचण आहे, लसीकरणाची. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि पिल्लांच्या लसींची मालिका साधारण 16 आठवड्यांच्या वयापर्यंत चालते. तोवर दुसरी कुत्री फिरतात अशा जागी पिल्लाला खाली सोडू नये. स्वतःचं बंद अंगण किंवा गच्ची असेल तर प्रश्न सुटतो, नसेल तर काही आठवडे घरातच गवताच्या ट्रेची सोय करावी लागते.

पॅड कोणासाठी? वयस्क किंवा आजारी माणूस एकटा कुत्रं सांभाळत असेल, घर खूप वरच्या मजल्यावर असेल, घरचे सगळे दिवसभर बाहेर असतील, किंवा कुत्रं स्वतःच म्हातारं असेल, तर पॅड हा चांगला आणि माणुसकीचा निर्णय आहे. पण त्याची खोड ओळखून घ्या. कुत्रं जागा शिकतं तसा पायाखालचा स्पर्शही शिकतं. मऊ, शोषून घेणारं काहीतरी म्हणजे शूची जागा, हे डोक्यात बसलं की गालिचा, पायपुसणं, जमिनीवर पडलेला टॉवेल, सगळंच पॅड होतं. म्हणून पॅड ठेवायचा तर सुरुवातीला त्या खोलीतली बाकी सगळी कापडं उचलून ठेवा. पाय वर करणाऱ्या नराची धार पॅडच्या बाहेर जाते, त्याला कडा उंच असलेला ट्रे लागतो. पुढे कधीतरी बाहेरची सवय लावायची इच्छा असेल तर पॅडपेक्षा गवताचा ट्रे घ्या. पायाला तोच स्पर्श बाहेरही मिळतो, त्यामुळे बदल सोपा जातो. मात्र तो रोज धुवावा लागतो, नाहीतर कुत्रंच त्याला टाळतं.

क्रेट हा वरच्या दोघांना पर्याय नाही, तो जोडीदार आहे. बहुतेक कुत्री झोपायची जागा घाण करत नाहीत, एवढ्याच एका प्रवृत्तीवर तो चालतो. कुत्रं उभं राहील, वळेल, ताणून झोपेल इतकाच तो असावा. मोठा घेतला तर एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्यात शू. जी पिल्लं लहानपणी पिंजऱ्यात स्वतःच्या घाणीत राहिली आहेत त्यांची ही प्रवृत्तीच बोथट झालेली असते, तिथे क्रेटचा भरवसा धरू नका. एकटं राहिल्यावर घाबरणाऱ्या, दार ओरबाडणाऱ्या कुत्र्याला तर क्रेटमध्ये कोंडूच नये, ते स्वतःला इजा करून घेतं. अशांसाठी पट्टा आपल्या कमरेला बांधून कुत्र्याला सोबत वागवणं बरं. नजरेआड जाऊन शू करण्याची सोयच उरत नाही, आणि हुंगत गोल फिरायला लागलं की आपल्याला लगेच कळतं.

पद्धत कोणतीही निवडा, दोन गोष्टी बदलत नाहीत. ओरडणं आणि शूमध्ये नाक घासणं बंद. त्यातून कुत्रं एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं, आणि मग ते पलंगाखाली जाऊन करतं, बाहेर पट्ट्यावर तर मुळीच करत नाही. दुसरी गोष्ट साफसफाई. आपल्या नाकाला वास गेला तरी कुत्र्याच्या नाकाला तो येतच असतो, आणि तोच त्याला पुन्हा तिथे बोलावतो. शूमधले वासाचे घटक मोडणारा, एन्झाइम असलेला क्लीनर वापरा, आणि बाटलीवर लिहिलेला वेळ तो डागावर राहू द्या. अमोनियाचे क्लीनर नकोत, त्यांचा वास शूसारखाच असतो. ब्लीच शूवर ओतू नका, दोन्ही मिळून विषारी वायू तयार होतो. जुने डाग अंधारात अतिनील (यूव्ही) टॉर्चने दिसतात. निवड करायच्या आधी एकदा सगळं घर असं पाहून घ्या. डाग घरभर विखुरलेले असतील तर कुत्र्यावर नजर कमी पडते आहे. एकाच कोपऱ्यात असतील तर त्याची जागा ठरून गेली आहे, ती नीट धुवून तिथे त्याचं खाण्याचं भांडं किंवा अंथरूण ठेवा. आणि दाराच्या चौकटीवर, सोफ्याच्या पायावर थोडी थोडी उंचावर शू दिसली तर ते हद्द आखणं आहे. त्याला पॅड वाढवून उपयोग नाही, नसबंदीबद्दल पशुवैद्याशी बोला.